कॉम्पॅक्टरच्या कपाळावरचं कुंकू

"तिसऱ्यांदा, विन! सकाळपासून तिसऱ्यांदा आलोय मी, आणि तिसऱ्यांदा हा डबा रिकामा! मी कचरा वाहतो, मेट! हवा नाही वाहत!"

कॉन ट्रकच्या खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर आला होता. कॉन म्हणजे आमचा कचऱ्याचा ट्रकवाला. आईबाप ग्रीक, जन्म मेलबर्नचा, आणि आवाज असा की तो ग्लेन वेव्हर्लीत शिंकला तर जीलाँगच्या बंदरातली जहाजं उलटा भोंगा देतात. तो अर्थातच इंग्रजीत ओरडत होता. मी मराठीत देतोय, कारण मुळातलं दिलं असतं तर संपादकांनी निम्मं कापलं असतं.

माझ्या डाव्या हाताला शॅरन उभी होती, आमच्या शॉपिंग सेंटरची ऑपरेशन्स मॅनेजर. तिच्या शेजारी ग्रेग, सेंटरच्या मालक कंपनीचा मोठा साहेब, खास पॅरामॅटाच्या हेड ऑफिसातून सकाळच्या विमानाने आलेला. त्याच्या शेजारी मंदार, ज्याने हे कचरा दाबायचं हुशार मशीन आमच्याकडे बसवलं होतं. इस्त्रीचा शर्ट, आणि चेहरा त्या शर्टाहून पांढरा. समोर मशीन. मशीनच्या पडद्यावर मोठ्या अक्षरांत: शंभर टक्के भरलं आहे, ट्रक बोलावला आहे.

आणि मी, हातात पेढ्यांचा बॉक्स घेऊन.

त्या पाच जणांत, मशीन धरून सहा जणांत, हे का होतंय ते फक्त मला ठाऊक होतं. आणि मी गप्प होतो. ज्यांनी मला मंडळाच्या पिकनिकला पाहिलंय त्यांना कळेल, मी गप्प म्हणजे प्रकरण किती गंभीर.

ते सांगतो. पण आधी धंदा समजून घ्या. संपादकांनी 'परदेशातल्या कामाचे अनुभव' मागितले तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर कॉम्प्युटर, फार तर कालगुर्लीच्या सोन्याच्या खाणी असणार. माझीही खाणच आहे. फक्त तिच्यातून जे निघतं त्याला सोन्यापेक्षा जास्त वास येतो.

शॉपिंग सेंटरच्या पोटात, गिऱ्हाइकांना कधी दिसत नाही अशा जागी, एक डॉक असतो. वरची सगळी दुकानं, फूड कोर्ट, सुपरमार्केट आपला कचरा तिथे आणतात. तिथे कॉम्पॅक्टर असतो. म्हणजे एक मोठं तोंड आणि त्याच्या मागे जोडलेला बंद पोलादी डबा, साधारण आपल्या टू-बीएचकेतल्या हॉलएवढा. तोंडात कचरा टाकायचा, बटण दाबायचं, की आतून एक पोलादी भिंत पुढे येते आणि कचरा डब्यात रेटते. डबा भरला की कॉन येतो, भरलेला डबा घेऊन जातो, रिकामा जोडतो. मशीन जागेवरच राहतं.

यात मेख एकच. डबा बंद असतो. तो किती भरलाय ते बाहेरून दिसत नाही. लवकर बोलावलं तर ट्रक अर्धा डबा घेऊन शहराबाहेरच्या कचरा डेपोपर्यंत जातो. फेरीचा खर्च तोच, डिझेलचा धूर तोच. उशिरा बोलावलं तर फूड कोर्टचा माल डॉकवर पसरतो, आणि बटर चिकन, सुशी, कबाब यांचा असा त्रिवेणी संगम होतो की वरच्या मजल्यावर साड्या बघणाऱ्या बायका नाकाला पदर लावतात. पदर नसेल तर विकायला ठेवलेल्या साडीचा लावतात.

मग डबा भरला हे ओळखायचं कसं? तिथे मी येतो. म्हणजे यायचो.

अठरा वर्षं मी ते झाडूच्या दांड्याने ओळखलं. डब्यावर तीन ठिकाणी दांडा आपटायचा. रिकाम्या डब्याचा आवाज 'ठण'. अर्ध्याचा 'ठब'. भरलेल्याचा आवाजच नाही, दांडाच हाताला सांगतो. मग कॉनला फोन: "ये" किंवा "आज नको, उद्या ये". वास वेगळा. नुसत्या वासावरून मी सांगू शकतो की शनिवारचा माल आहे की रविवारचा, आणि नूडलवाल्याने तेल बदललंय की नाही. कॉनची तर शपथ आहे की एकदा मी दांडा आपटून सांगितलं होतं, आत एक लाल छत्री आहे. निळी निघाली, पण छत्री होती.

एकदा फूड कोर्टातली एक आजी रडत डॉकवर आली. कवळी टिश्यूत गुंडाळून ताटात ठेवली होती, सफाईवाल्याने ताटासकट उचलली. मी मशीन थांबवलं, डोळे मिटले, आणि विचारलं, "आजी, काय खाल्लं होतं?" म्हणाल्या, लाक्सा, ते मलेशियन नूडल सूप. मी नारळाच्या दुधाच्या वासामागे गेलो आणि चौथ्या पिशवीत कवळी. आजी तिथेच लावायला निघाल्या होत्या, मी हात धरला. त्यानंतर सहा महिने त्या दर गुरुवारी मला वरून लाक्सा पाठवत. मला लाक्सा आवडत नाही. कॉनला आवडतो.

तर असा मी. आणि आमचं जुनं मशीन, त्याचं नाव मी ठेवलं होतं बकासुर. इथे कुठलंही नाव कापून आखूड केल्याशिवाय कुणाला घेववत नाही. विनायकचा विन झाला तसा बकासुराचा बॅकी झाला. बॅकी म्हातारा झाला, तेल गळायला लागलं, आणि गेल्या वर्षी शॅरनने जाहीर केलं की नवा कॉम्पॅक्टर येतोय. स्मार्ट. इंटरनेटला जोडलेला. आपण किती भरलोय ते स्वतः ओळखणार, ट्रक स्वतः बोलावणार, फेऱ्या वाचवणार, धूर वाचवणार.

"बसवणारा तुमच्याकडचाच आहे, विन," शॅरन आनंदाने म्हणाली. "मॅन्डर. ओळखतोस?"

ओळखतोस!

मंदार आणि मी क्लेटनला एका घरात तीन वर्षं राहिलो. चार पोरं, दोन खोल्या, एक कुकर. मी हॉस्पिटॅलिटीच्या कोर्सला, तो इंजिनिअरिंगला. आम्ही दोघं एकाच वेळी वरण लावायचो, पण त्याचं वरण व्हायचं आणि माझं डाळीचं पाणी. त्याला पीआर, म्हणजे इथे कायम राहायचा परवाना, माझ्या आधी. गाडी माझ्या आधी. बरं, गाडीचं एक वेळ सोडा. लग्न होऊन सुजाता पहिल्यांदा मेलबर्नला उतरली तेव्हा तिला आणायला मी मंदारची गाडी मागून नेली होती. आज चौदा वर्षं झाली, तीन गाड्या बदलल्या मी, आणि ही बाई अजून म्हणते, "पहिली गाडी काय छान होती नाही आपली?"

आपली!

आणि आता हा माणूस पॅरामॅटातली बँकेतली नोकरी सोडून, स्वतःची छोटी कंपनी काढून, माझ्या डॉकवर, माझ्या बकासुराच्या जागी, आपलं मशीन घेऊन आला. आला तो मिठी मारत. "विन्या! मला कळलं डॉक तुझा आहे आणि जिवात जीव आला. आपलाच माणूस." मी म्हटलं, "हो ना, बरं झालं." जेवढे दात दाखवता येतात तेवढे दाखवले.

त्याने मला मशीन समजावून दिलं, हेही खरं. दोन ज्ञानेंद्रियं आहेत त्याला. एक म्हणजे दाब. कचरा रेटताना पोलादी भिंतीला किती जोर लागतो ते मोजायचं. दुसरा डोळा. मशीनच्या तोंडावर आत झुकलेली एक पट्टी आहे, कपाळासारखी. तिच्या मधोमध नाण्याएवढी काळी काच. ती खाली बघते, कचरा कुठवर चढलाय ते मोजते. "आणि दोघांचं जमलं नाही तर?" मी विचारलं. "तर डोळ्याचं ऐकायचं," मंदार म्हणाला. "फूड कोर्टचा कचरा सांडलेला कुणालाच परवडत नाही." काचेवर बोट ठेवून दाखवलं त्याने. पुढे कामाला येणार आहे म्हणून सांगून ठेवतो.

पहिल्या महिन्यात मी मशीनशी रोज पैज लावायचो. सकाळी दांडा आपटून मनात आकडा धरायचा आणि मग पडदा बघायचा. मी म्हणायचो ऐंशी, ते म्हणायचं अठ्ठावन्न. मी म्हणायचो भरला, ते म्हणायचं अजून उद्या संध्याकाळपर्यंत खाईन. आणि खायचं, मेलं! उद्या संध्याकाळपर्यंत खायचं. बकासुराला जे पचलं नसतं ते हे ढेकर न देता पचवायचं.

तेवढ्यावर थांबलं असतं तरी मी गिळलं असतं. पण मंदारने डेपोच्या वजनकाट्याच्या जुन्या पावत्या मागवल्या आणि ग्राफ काढला. स्टाफरूमच्या भिंतीवर लावला. डाव्या बाजूला माझी अठरा वर्षं: डबे गेले ते पाऊण भरलेले. उजव्या बाजूला मशीन: काठोकाठ, आणि फेऱ्या कमी. मला सांडायची भीती वाटायची म्हणून मी पाऊण डब्यालाच 'भरला' म्हणत होतो, आणि मला ते अठरा वर्षांत कळलं नव्हतं. वारंवार पाऊण! जो विन छत्री ओळखतो, त्याला पाव डबा हवा ओळखता आली नाही.

शॅरनने त्या ग्राफच्या बाजूला 'एम्प्लॉयी ऑफ द मंथ'च्या चौकटीत मशीनचा फोटो लावला. थट्टेत. मला त्या चौकटीत अठरा वर्षांत एकदा जागा मिळाली होती, आणि त्या फोटोत माझे डोळे मिटलेले होते.

मी जळत होतो. सरळ सांगतो. माणसावर जळणं मला जमतं, तीन वर्षांचा सराव होता, पण कचऱ्याच्या डब्यावर जळणं ही कामाची नवी पायरी होती. मी स्मोकोला, म्हणजे चहाच्या सुट्टीला, त्या ग्राफकडे पाठ करून बसायला लागलो. घरी सुजाताने विचारलं, "काय झालंय तुला?" मी म्हटलं, "काही नाही." ती म्हणाली, "मंदारच्या मशीनचं ॲप बघितलंस का रे? गणपतीत दाखवत होता. ट्रक कुठे आहे तेही दिसतं. किती हुशार आहे!" मी विचारलं, "मशीन की मंदार?" ती म्हणाली, "दोघं." त्या दिवशी मी भात घेतला नाही. ती म्हणाली, "ठीक आहे, डब्याला होईल."

दसऱ्याच्या आठवडाभर आधी शॅरनने मला बोलावलं आणि दार लावून घेतलं. ही बाई दार कधीच लावत नाही. म्हणाली, दसऱ्याच्या दिवशी, म्हणजे तिच्या भाषेत पुढच्या मंगळवारी, पॅरामॅटाहून ग्रेग येतोय. मशीन आवडलं तर आणखी सहा सेंटर्सना बसवणार. नाही आवडलं तर आमचंही उचलायला सांगणार. "आणि विन," ती म्हणाली, "मशीन राहिलं तर डॉकवर पूर्णवेळ माणूस लागतो का, तेही तो ठरवणार आहे. मला वाईट वाटतंय. पण आधी माझ्याकडून कळावं असं वाटलं."

म्हणजे मंदारचं बसलं तर माझं उठणार. आणि मंदारचं उठलं तर मंदारच उठणार, कारण बँकेची नोकरी सोडून त्याने सगळं ह्या एका मशीनवर लावलं होतं. ही गोष्ट मी सुजाताला सांगितली नाही. मंदारलाही नाही.

आता दसऱ्याचं. माझे बाबा चिंचवडला एका कारखान्यात फिटर होते. खंडेनवमीला तिथे लेथपासून हातगाडीपर्यंत सगळ्याला हळदकुंकू, झेंडू, नारळ. मी ते डॉकवर चालू ठेवलं. बकासुराची पूजा मी अठरा वर्षं केली. बाबांची नवमी, माझा दसरा, कारण नवमीला कॉनची सुट्टी पडली होती एका वर्षी आणि पेढ्यांवरून त्याने जो कल्ला केला, तेव्हापासून दसराच. शॅरन त्याला 'बॅकीज बर्थडे' म्हणते. जगात देवाला आधी मेन स्विच बंद करून, कुलूप लावून, 'चालू करू नये' असा लाल टॅग अडकवून मग हळद लावणारी ही एकच पूजा असेल. सेफ्टीचा नियम आहे. मशीनच्या तोंडाजवळ हात न्यायचा तर टॅग हवाच.

ह्या वर्षी करायची का? मंगळवारी पहाटे मी झेंडूची माळ हातात घेऊन त्या शत्रूसमोर उभा राहिलो. करायची. ज्याच्यावर घर चालतं त्याला हात जोडायचे, आवडतं की नाही हा प्रश्नच येत नाही, हे बाबांकडून इतकं अंगात मुरलंय की पाय आपोआप पुढे गेले. कुलूप, टॅग, माळ, हळद. कुंकू पाण्यात कालवलं, घट्ट. बकासुराला टिळा कपाळाच्या मधोमध लावायचो. ह्याच्या कपाळाच्या मधोमध ती काळी काच.

अंगठा डावीकडे जात होता. पट्टीवर जागा होती. मग सरकला.

सुजाता म्हणते सरकवला. मी म्हणतो सरकला. वाचकांनी आपापल्या संसाराच्या अनुभवावरून ठरवावं.

नारळ फोडला, टॅग काढला, मशीन चालू केलं. सात वाजता पडद्यावर शंभर टक्के. साहजिक होतं ते. डोळ्यासमोर चिकटून काहीतरी आहे म्हणजे कचरा थेट कपाळापर्यंत चढलाय. दाब सांगत होता काही नाही, पण ऐकायचं डोळ्याचं. मशीनने ट्रक बोलावला. कॉन आला. मी दांडा आपटला: ठण. "कॉन, हा रिकामा आहे रे." कॉन म्हणाला, "मला काय सांगतोस? करार असा आहे की मशीनने बोलावलं की उचलायचं." पेढा तोंडात टाकून रिकामा डबा घेऊन गेला.

शपथेवर सांगतो, तोवर माझ्या डोक्यात प्रकाश पडला नव्हता. साडेनऊला कॉन दुसऱ्यांदा येऊन डबा बदलून गेला आणि पडद्यावर पुन्हा शंभर आलं, तेव्हा मी वर बघितलं. काच दिसतच नव्हती. तिच्या जागी वाळलेलं लालभडक कुंकू, गोल, सुबक, लग्नातल्या करवलीसारखं.

खिशात रुमाल होता. एक पुसणं आणि काम झालं असतं.

मी पुसलं नाही. दोन तास पुसलं नाही. मी डॉक झाडला, कधी नव्हे तो कोपरे झाडले. आणि आत कुठेतरी अठरा वर्षांच्या त्या पाऊण डब्यांना मशीनच्या रिकाम्या डब्यांचं उत्तर ऐकू येत होतं: ठण, ठण, ठण. इतका गोड आवाज मी उभ्या जन्मात ऐकला नव्हता.

तिकडे मंदार ग्रेगला आणायला विमानतळावर गेला होता. नंतर कळलं, येताना गाडीत मोबाइल वाजला, ट्रक बोलावल्याचा मेसेज, आणि त्याने तो ग्रेगला अभिमानाने दाखवला. "बघा, मी इथे आहे, आणि तिकडे त्याने स्वतः ठरवलं." मग ते पोचले, आणि त्यांच्या मागोमाग कॉनचा ट्रक वळला. तिसऱ्यांदा.

पुढचं तुम्ही वर वाचलंत.

कॉनचं ओरडून झालं. ग्रेग शांत माणूस. न ओरडणारा साहेब. असे जास्त वाईट. म्हणाला, "मॅन्डर, मी इथे धूर कमी झालेला बघायला आलो होतो. सकाळपासून रिकाम्या डब्याच्या तीन फेऱ्या. हे मी आणखी सहा ठिकाणी बसवू?"

मंदारने लॅपटॉप उघडला, दाबाचा आकडा बघितला, पुन्हा मिटला. मशीनला कुलूप लावलं, टॅग अडकवला (नियम पाळतो मेला), शिडी ओढली आणि टॉर्च घेऊन वर चढला. कपाळाशी थांबला. अंगठ्याने घासलं. अंगठा नाकाशी नेला.

आणि वळून माझ्याकडे बघितलं.

मी त्याच्याकडे बघितलं आणि मला क्लेटनचं स्वयंपाकघर दिसलं. आमचा तिथला पहिला दसरा. तिघांनी आपापले लॅपटॉप फ्रीजवर रचून ठेवले होते, मंदार हळदकुंकू लावत होता. मी तेव्हा एका फूड कोर्टात सफाईला जायचो. मी म्हटलं, "माझं काय, माझ्याकडे काही नाही, तुमचं उरका." मंदार उठला, मागच्या दाराशी माझा मॉप उभा होता तो घेऊन आला, लॅपटॉपच्या शेजारी टेकवला, आणि त्याच्या दांड्याला कुंकू लावलं. हसला नाही. बाकीचे दोघं हसायला लागले तर त्यांच्याकडे असं बघितलं की त्यांनी मॉपला नमस्कार केला.

माझं तोंड उघडलं. खरंच सांगणार होतो. पण माझं तोंड, तुम्हाला माहीत आहे, एरवी चोवीस तास चालतं. त्या वेळी कुणीतरी मेन स्विच काढल्यासारखं झालं.

"काय आहे ते?" ग्रेगने विचारलं.

"कुंकू," मंदार शिडीवरूनच म्हणाला. "आमच्याकडे आज अवजारांची पूजा असते. लेन्सवर जाळी बसवायला हवी होती, मी बसवली नाही. आणि डोळा आणि दाब दोघं वेगळं सांगत असतील तर डोळ्याचंच ऐकायचं, असं मी लिहून ठेवलंय. तेही चुकलं. दोन्ही माझ्या चुका."

"लावलं कुणी?"

"आम्ही," मंदार म्हणाला.

शॅरनने माझ्याकडे बघितलं. मी पेढ्यांच्या बॉक्सकडे बघितलं.

आता कॉनला अर्धवट कळलं की तो पूर्ण बोलतो. "पण विन सांगत होता ना मला!" तो खिडकीतून गरजला. "सकाळी सातलाच म्हणाला रिकामा आहे. झाडू आपटून! आमचं कोणी ऐकत नाही!"

"झाडू आपटून?" ग्रेग माझ्याकडे वळला. "दाखव."

मी दाखवलं. ठण. मग शेजारी पुठ्ठ्याचा डबा होता, अर्धा भरलेला, त्याच्यावर. ठब. ग्रेगने दांडा स्वतः हातात घेतला, सूट घातलेला साहेब, आणि दोन्ही डब्यांवर आपटून बघितला. मग पुन्हा बघितला. पुरुषमाणूस, त्याच्या हातात काठी आणि समोर पत्रा, किती वेळ आवरणार? मी म्हणणार होतो की मी छत्रीचा रंगही सांगतो, पण ऐनवेळी जीभ चावली.

"तुझं मशीन हे करू शकतं?" त्याने मंदारला विचारलं.

"नाही," मंदार म्हणाला. "हा पाऊण डब्याला भरला म्हणतो, मशीन म्हणत नाही. पण मशीन आंधळं झालं तर ते त्याला कळतं, मशीनला कळत नाही. म्हणून डॉकवर माणूस लागतो. मी रिपोर्टमध्ये तसं लिहिलंय, पान चारवर."

पान चार! म्हणजे त्याने ते आधीच लिहिलेलं होतं. मी कोपरे झाडत होतो तेव्हा ते पान त्याच्या बॅगेत होतं, विमानतळावरून माझ्याच दिशेने येत होतं. अशा माणसावर जळून तरी कुठवर पुरणार?

ग्रेगने तिथे काही कबूल केलं नाही, साहेब लोक करत नाहीत. पण जाताना दोन पेढे घेतले, आणि महिन्याभराने कळलं की मशीनला मुदत वाढवून मिळाली. नंतर सहा सेंटर्सही झाली. आता काचेवर जाळी आहे, आणि मशीनच्या बाजूला एक हिरवं बटण. मशीनने ट्रक बोलावला की मी दांडा आपटतो. पटलं नाही तर बटण दाबतो, फेरी रद्द. नव्या सेंटर्समधल्या डॉकवाल्यांना ते शिकवायला कंपनी मलाच पाठवते. ग्राफमध्ये आता माझ्यासाठी वेगळी रेघ आहे, हिरवी, रद्द केलेल्या फेऱ्यांची. छोटी आहे. पण रोज स्मोकोला मी आता तिच्याकडे तोंड करून बसतो. चौकटीत मात्र अजून मशीनचाच फोटो आहे, तेव्हा माझा रोग पूर्ण बरा झालाय असं समजू नका.

पण ते सगळं नंतरचं. त्या दिवशी आर्वोला, म्हणजे दुपारी, शॅरन ग्रेगला सोडायला गेली, कॉन चौथी फेरी होणार नाही याची दोनदा खात्री करून घेऊन गेला, आणि डॉकवर आम्ही दोघंच राहिलो. मंदार पालथ्या क्रेटवर बसून खोबरं खात होता. अंगठा अजून लाल. माझ्या खिशातला रुमाल मी आता त्याला दिला. सकाळी काढायचा तो.

"सांगितलं का नाहीस?" मी विचारलं.

तो अंगठा पुसत राहिला.

"मंदार, तो डोळा आहे हे मला माहीत होतं. तूच दाखवला होतास. आणि साडेनऊपासून मला दिसत होतं."

"माहितेय," तो म्हणाला, आणि रुमालाची घडी घालून परत दिली. "पुढच्या वर्षी चार बोटं डावीकडे लाव."